घरचं हवामान खातं

मे महिन्याच्या शेवटी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लग्नाच्या फोटोंपेक्षा नकाशे जास्त येतात. भारताचे, हवामानाच्या इशाऱ्यांचे, चार रंगांतले. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला आता. एवढं मी एकदा ग्रुपवर लिहिलं आणि माझी नेमणूकच झाली. बिनपगारी.

आमची माणसं देशभर पांगलेली. धाकटा भाऊ नागपुरात, मामेबहीण जोधपूरला, भाचा कोचीला. नकाशा आला की आईचा जीव वरखाली, कारण विदर्भही लाल आणि केरळही लाल. इकडे उष्णतेची लाट, तिकडे अतिवृष्टी, रंग तोच. मग ती नागपूरला फोन लावून बजावते, "छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस." पंचेचाळीस अंशांत तो बिचारा छत्री घेतो. उपयोग होतोच म्हणा.

मामेबहिणीचं वेगळंच. त्यांच्या राजस्थानातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले, हा आकडा ती माहेरच्या दागिन्यासारखा मिरवते. तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो, असं मी बोलून गेलो. "मग उन्हात किती, ते सांग!" तिचा पिच्छा अजून सुटलेला नाही.

पण खरा छळ आत्याचा. ती वरच्या मजल्यावर राहते. चीक शिजवून पहाटे सोऱ्याने घातलेल्या तिच्या कुरडया गच्चीवर, आणि वळवाची वेळ नेमकी चारनंतरची.

"उद्या पडणार की नाही? हो की नाही, एवढंच बोल."

हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग केलेत. आमचा मध्य महाराष्ट्र नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत. त्यात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस', म्हणजे पाऊस मोजणाऱ्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर.

"आपली गच्ची त्या चौथ्या हिश्श्यात येते का?"

मी म्हटलं, आत्या, वळवाचा ढग जेमतेम काही किलोमीटरचा, तास-दीड तासात संपणारा. तो कुठे फुटेल हे आदल्या दिवशी नाही सांगता येत. रडारवर दोन-तीन तास आधी कळतं.

"मग दोन-तीन तास आधी सांग."

म्हणून भर दुपारी मी गच्चीच्या जिन्यात फोन घेऊन बसलेलो. समोर आत्या आणि शेजारच्या काकू, कुरडयांच्या धोतराची टोकं धरून ओणव्या.

"उचलू?"

"थांब."

"अरे, कंबर गेली माझी. उचलू?"

पडद्यावरचा पिवळा ठिपका लाल झाला, आमच्याकडे सरकला. उचललं. तो मागच्या गल्लीवर रिकामा झाला. आमच्या गच्चीवर टिपूस नाही, वर लख्ख ऊन.

"उगाच उचलायला लावलंस. आता पुन्हा पसर," आत्या म्हणाली. अर्धवट वाळलेली कुरडई पसरताना मोडते, आणि प्रत्येक तुकडा माझ्या नावावर जमा होत होता.

तेवढ्यात कोचीहून फोन. "मामा, कालपासून कोसळतोय. मान्सून आला म्हणायचं का?"

मी नियम सांगितला: ठरलेल्या 14 केंद्रांपैकी साठ टक्क्यांवर सलग दोन दिवस किमान 2.5 मिलिमीटर, शिवाय वाऱ्यांचीही अट.

"मामा, माझी खोली गळतेय. ते केंद्र धरत नाहीत का?"