मेन्यूकार्डावरचं नाव आणि गॅलीतले हात

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की महाराष्ट्रात दरवर्षी एक वाद रंगतो. परदेशात जाऊनही वरण-भातच हवा कशाला, असं काहीजण म्हणतात. लाखो रुपये मोजून आठ दिवस पावावर काढायचे का, असं बाकीचे विचारतात. क्रूझ सहली वाढल्यापासून त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: तिकिटात जेवण धरलेलं असताना जहाजावरच्या नामवंत शेफच्या रेस्टॉरंटला वेगळे पैसे का द्यायचे?

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन बंदरात राहून हा वाद ऐकताना खटकतं ते एवढंच, की सगळी चर्चा आवडीनिवडीची होते आणि जहाजाच्या स्वयंपाकघराबद्दल, म्हणजे गॅलीबद्दल, कुणी काही विचारत नाही. ताटात काय येणार हे तिथे ठरतं.

वेगळ्या पैशांचं म्हणाल तर ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. हॅम्बुर्ग-अमेरिका या जर्मन जहाज कंपनीच्या ‘अमेरिका’ जहाजावर 1905 साली प्रसिद्ध हॉटेलवाले रिट्झ यांच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं. स्वयंपाकाची मांडणी नामवंत फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांची, आणि बिल तिकिटाव्यतिरिक्त. आज साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ‘सिंधू’ हे रेस्टॉरंट आहे, शेफ अतुल कोचर यांच्या नावाने सुरू झालेलं. जमशेदपूरला जन्मलेल्या कोचर यांना 2001 मध्ये लंडनच्या ‘टॅमरिंड’ रेस्टॉरंटसाठी मिशेलिन तारा, म्हणजे रेस्टॉरंटच्या जगातला मोठा मान, मिळाला. 2010 मध्ये ‘अझुरा’ जहाजाबरोबर ‘सिंधू’ सुरू झालं. पुढे ‘ब्रिटानिया’ आणि ‘आयोना’वरही आलं. तिथे जेवायला बसणारी माणसं प्रामुख्याने ब्रिटिश. त्यामुळे मसाला त्यांच्या जिभेला झेपेल असा आणि पदार्थ एकामागून एक, प्रत्येकाच्या वेगळ्या प्लेटमध्ये. ‘आपलं जेवण’ शोधत कुणी तिथे गेलं तर हिरमोड होणारच. ते भारतीय मसाल्यांतलं ब्रिटिश जेवण आहे आणि त्याच मापाने मोजायला हवं.

कोचर असोत की आणखी कुणी, शेफ स्वतः रोज जहाजावर नसतो. त्याचं काम म्हणजे पाककृती ठरवणं, ग्रॅममध्ये मापं लिहिणं, प्लेट कशी दिसावी याचा फोटो पाककृतीच्या कार्डावर लावणं, गॅलीतल्या लोकांना शिकवणं आणि अधूनमधून येऊन चाखून पाहणं. नाव काढून घेतलं तरी गॅली चालूच राहते. सीबॉर्न या क्रूझ कंपनीचा अमेरिकी शेफ थॉमस केलर यांच्याशी असलेला करार 2024 मध्ये संपला आणि त्यांच्या ‘द ग्रिल’ रेस्टॉरंटच्या जागी ‘सोलिस’ आलं.

तरीही ते जादा पैसे वाया जातात असं मला वाटत नाही. मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात एका पंगतीला हजाराच्या घरात माणसं बसतात. तिथला मासा आधी शिजवून, गरम कपाटात ठेवून, मग वाढला जातो. कपाटातल्या वाफेने कुरकुरीत साल दहा मिनिटांत मऊ पडते. शंभरेक खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये तोच मासा ऑर्डर आल्यावर तव्यावर जातो. पैसे द्यायचे ते या फरकासाठी, नावासाठी नव्हे.

आता वरणाकडे वळू. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून गॅलीत सहसा उघडी ज्योत नसते, शेगड्या विजेच्या. आपली गोल बुडाची कढई सपाट शेगडीवर टेकत नाही, आणि सपाट भांड्यात चार चमचे तेल इतकं पसरतं की मोहरी नीट तडतडत नाही आणि हिंग करपतो. भांडं कलतं करून तेल एका कडेला जमवावं, तर इंडक्शनवरून बूड उचलताच आच बंद होते. फोडणी मग मोठ्या प्रमाणात एकदाच होते आणि तासाभरात तिचा वास उडतो. दरम्यान गरम ठेवलेलं वरण आटून पिठल्यासारखं होतं. त्यात कुणी घाईने गार पाणी ओतलं की ते फुटल्यासारखं दिसतं, चवही पाणचट होते. उपाय साधा आहे: वरण थोडं पातळ ठेवायचं, दाटलं तर उकळतं पाणी घालायचं आणि फोडणी दर अर्ध्या तासाने लहान पॅनमध्ये नव्याने करून वरून ओतायची. पण हे करायला एक माणूस मोकळा लागतो, आणि गर्दीच्या वेळी तोच नसतो.

दुसरी अडचण गार करण्याची. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवरच्या नियमांनुसार शिजवलेला पदार्थ दोन तासांत 57 अंशांवरून 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर आला पाहिजे. चाळीस लिटर ग्रेव्ही खोल पातेल्यात ठेवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू वाढतात. म्हणून ती उथळ ट्रेमध्ये पसरून ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे झपाट्याने गार करणाऱ्या कपाटात, घालावी लागते. एखाद्याने कंटाळा करून पातेलं तसंच थंड खोलीत ढकललं, तर अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या तपासणीत ते सगळं फेकून द्यावं लागतं. या तपासणीत शंभरपैकी 85 किंवा कमी गुण म्हणजे नापास, आणि अहवाल कुणालाही पाहता येतो. जहाज ठरवताना शेफचं नाव शोधण्याआधी तो अहवाल वाचावा.

समुद्र खवळला की तळणी बंद. कढत तेल हिंदकळलं तर माणूस भाजतो. शेगड्यांना कडेने दांड्या लावतात आणि पातेली अर्धवटच भरतात. अशा रात्री मेन्यूतले वडे किंवा भजी गायब झाली, तर तक्रार करू नये.

सुट्ट्यांच्या त्या वादात जैन जेवणाचाही मुद्दा निघतो, आणि तो मात्र रास्त आहे. मुंबईहून 2021 मध्ये कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या सुरू झाल्या, तिथे जैन जेवण मिळतं. तीच अपेक्षा घेऊन लोक युरोपातल्या जहाजावर चढतात आणि फसतात. इथल्या गॅलीत ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे मांस-मासे वगळून. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य आहे हे वेगळं लिहून द्यावं लागतं. प्रत्येक वस्तूचं नाव लिहा, नुसतं ‘जैन’ पुरत नाही. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी वेळही कळवावी: डिसेंबरात साउथॅम्प्टनला सूर्य चारच्या सुमारास मावळतो, तेव्हा रात्रीची रेस्टॉरंटं उघडलेलीही नसतात. हे सगळं निघण्याच्या निदान सहा-आठ आठवडे आधी कळवायला हवं, कारण सामान निघायच्या बंदरात भरलं जातं. मधल्या बंदरात मूगडाळ मिळेलच असं नाही.

आणि एक गोष्ट मायदेशी कधीच चर्चेला येत नाही. या गॅलींमध्ये राबणाऱ्यांत गोव्याचे आणि मुंबईचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात त्यांना तारवोटी म्हणतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या काळापासून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून ते जात आले. आज कित्येक महिन्यांच्या करारावर, आठवड्याचे सातही दिवस ते काम करतात. नामवंत शेफच्या कार्डावरचे ग्रॅम चवीत उतरवतात ते हेच लोक. कार्डावर मीठ किती ते लिहिलेलं असतं, पण आज आलेला टोमॅटो आंबट आहे म्हणून साखरेची चिमूट घालायची हे त्यांना हाताने कळतं. त्यांची नावं मेन्यूवर छापावीत असं मला मनापासून वाटतं: शेफचं वर, त्याखाली त्या रात्री तवा सांभाळणाऱ्याचं.

साधं वरण हवं असेल तर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला गाठा आणि दुसऱ्या दिवसासाठी सांगा, त्याच रात्रीसाठी नको. डाळ कोणती, फोडणीत लसूण चालेल का, भात मऊ हवा की मोकळा, हे तीन तपशील द्या. वाढपी ते कागदावर लिहून गॅलीत नेतो, आणि तिथे बऱ्याचदा तो कागद वाचणाऱ्याला मोहरी कधी तडतडते हे आधीपासूनच ठाऊक असतं.