‘साधी बेरीज येत नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून मशीनच्या तासांची एक्सेल शीट विकत घेतली, चार जेसीबींचे महिनाभराचे तास भरले, बेरीज आली साडेचौदा तास आणि बिल निघालं ३०,७२५ रुपयांचं. जुन्या पोकलेनचं रीडिंग तर शीट धरतच नाही. रविवारी फोन केला तर कुणी उचलला नाही. म्हणून पैसे परत हवेत. सोबत स्क्रीनचा फोटो टाकलात ते बरं केलंत, कारण सगळा उलगडा त्यातच होतो.

फोटोत कर्सर बेरजेच्या सेलवर आहे आणि वर फॉर्म्युला बारमध्ये दिसतंय २५-०१-१९००, त्यापुढे १४:३०. आमची मूळ फाइल असती तर तिथे बेरजेचा फॉर्म्युला दिसला असता. म्हणजे आमच्या शीटमधले आकडे नव्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट झालेत. तसं केलं की फॉरमॅट मागे राहतो. आधी तिथे २५.६०४१७ असा चमत्कारिक आकडा दिसला असणार, आणि ऑफिसातल्या मुलाने तो बघून वरून ‘टाइम’ निवडलं असणार. त्याला ओरडू नका, भलेभले इथे फसतात.

एक्सेलच्या हिशोबात १ म्हणजे एक अख्खा दिवस आणि तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग. दिवसांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून, म्हणून ती विचित्र तारीख. तुमचे एकूण ६१४ तास ३० मिनिटं झालेत, म्हणजे २५ दिवस आणि वर साडेचौदा तास. साधा टाइम फॉरमॅट भिंतीवरच्या घड्याळासारखा असतो, चोवीस वाजले की पुन्हा शून्यावर. त्यामुळे तुम्हाला फक्त वरचे साडेचौदा दिसले. २५ दिवस सेलमध्ये आहेतच. तो सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, ‘कस्टम’मध्ये जा आणि एच चौकोनी कंसात टाकून पुढे कोलन आणि दोन एम लिहा. ६१४:३० समोर येईल. आमच्या शीटच्या प्रत्येक बेरजेला हाच फॉरमॅट लावून दिलेला आहे.

बिलाचंही तेच. नव्या फाइलमध्ये बेरजेला थेट १,२०० च्या दराने गुणलंय, म्हणजे तासांना नव्हे, २५.६०४ दिवसांना. मध्ये २४ ने गुणावं लागतं. आमच्या बिलाच्या कॉलममध्ये ते २४ आहे. फॉर्म्युला उघडून बघा.

आता पोकलेन. तिचं मीटर दहा हजार तासांच्या पुढे गेलंय आणि तुम्ही रीडिंग कोलन टाकून भरलंय, १०४१२:३० असं. हाताने टाइप केलेली वेळ एक्सेल ९९९९:५९:५९ पर्यंतच वेळ म्हणून घेतं. त्यापुढचं ते मजकूर समजतं, सेलमध्ये डावीकडे ठेवतं आणि बेरजेत चक्क वगळतं, तेही काही न सांगता. (बेरीज स्वतः दहा हजारांच्या वर गेली तर अडत नाही, अडचण फक्त टाइप करताना.) हे एक्सेलचं वागणं मलाही पटत नाही, निदान एक सूचना तरी द्यावी. म्हणूनच आमच्या शीटमध्ये रीडिंगचा कॉलम दशांशात ठेवलाय, कोलन नाही. शिवाय तुमच्या मशीनचं मीटरही दशांशातच दाखवतं: १०४१२.३ म्हणजे वर १८ मिनिटं, ३० नव्हेत. बारा मिनिटांचा फरक, म्हणजे १,२०० च्या दराने २४० रुपये. पार्टी असे २४० रुपये बरोबर पकडते.

रविवारी आमचं ऑफिस बंद असतं, पावतीवर तसं छापलंय.

पैसे परत देणार नाही, कारण दिलेली शीट बरोबर चालते. पण तुमची नवी फाइल पाठवा, फॉरमॅट आणि बिलाचा फॉर्म्युला लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. ३०,७२५ चं बिल पार्टीला अजून गेलं नसेल तर आजच थांबवा. खरी रक्कम ७,३७,४०० आहे, जीएसटी वेगळा.