एक स्टारवाल्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. आधी एक काम करा. रिव्ह्यूला जोडलेला आमच्या बिलाचा फोटो काढून टाका, त्यावर तुमच्या वायफायचा पासवर्ड लिहिलेला आहे. अख्खा फोंडा वाचतो हे.

आमच्या वायफायच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलंय, "चारशे रुपये घेतले, पासवर्ड चुकीचा दिला आणि स्वयंपाकघरात नेट तुटायचं ते तुटतंच."

पासवर्डाची चूक आमची. आमच्या मुलाने तो घाईत बिलाच्या मागे लिहिला. त्यातलं चौथं अक्षर शून्य आहे. फोटोत मलाही तो कॅपिटल ओच वाटला. शिवाय पासवर्ड बदलला की फोनमधलं जुनं नेटवर्क आधी 'फरगेट' करावं लागतं, हेही त्याने सांगितलं नाही. चारशे रुपये परत करतो.

नेट तुटण्याचं खापर मात्र आमच्यावर फोडू नका. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे, स्वयंपाकघर दोन भिंतींपलीकडे, आणि भिंती जुन्या चिऱ्याच्या, हातभर जाड. राउटर दोन पट्ट्यांत सिग्नल देतो, 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ. 5 चा वेगवान, पण अशा भिंतीत जिरतो. 2.4 चा पलीकडे पोचतो. मात्र तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. म्हणून मुलाने 2.4 ला वेगळं नाव दिलं. तुमच्या फोनमध्ये 5 चं नाव साठवलेलं आहे तोवर तो तिकडेच चिकटणार आणि स्वयंपाकघराच्या दाराशी सुटणार. आत असताना 2.4 निवडा.

खरा उपाय म्हणजे मधल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनही वायफाय देणारा डबा. तो सुचवला तेव्हा "चवथीसाठी आत्ताच रंग दिलाय, भिंतीला भोक नको" असं उत्तर मिळालं. आमच्या घरीही हेच ऐकावं लागलं असतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी नेट पूर्णच बंद पडलं म्हणता. राउटरच्या मागचं बारीक भोक कुणी टाचणीने दाबून धरलं होतं का? त्याने राउटर कोरा होतो. वायफायचा पासवर्ड जातोच, बऱ्याच जोडण्यांत इंटरनेट कंपनीचं लॉगिनही पुसलं जातं. तसं असेल तर ते कंपनीकडूनच परत घ्यावं लागेल, आमच्याकडे नसतं.

रविवारी सकाळी मी स्वतः येतो. केबल खिडकीच्या चौकटीतून नेता येते का बघू, रंगाला हात लावणार नाही. पासवर्ड तेव्हा पुन्हा बदलू, आणि चिठ्ठी मीच लिहीन, शून्यावर तिरपी रेघ मारून.