छोट्या विमान कंपनीत मोठं व्हायचंय?

अभिनंदन! छोट्या विमान कंपनीची ती नोकरभरतीची जाहिरात तुम्हीही पाहिलीत. निळं आभाळ, गॉगल लावलेला तरुण, त्याच्यामागे दोन पंख्यांचं देखणं विमान आणि खाली ठळक अक्षरांत : ‘आमचा विस्तार, तुमची संधी’. या ओळीतला स्वल्पविराम तेवढा नीट पाहून ठेवा. विस्तार त्याच्या अलीकडे आहे, तुम्ही पलीकडे.

मी उमेदीची वर्षं अशाच विमानांच्या पोटाखाली टॉर्च घेऊन काढली आहेत. त्यामुळे माझा सल्ला फुकट असला, तरी तो मला फुकट पडलेला नाही.

सुरुवात विस्तारापासून करू. प्रादेशिक कंपनीचा विस्तार आधी नकाशावर होतो. पत्रकार परिषदेत पडदा बाजूला होतो, एका ठिपक्यातून बारा रेषा निघतात आणि टाळ्या पडतात. रेषा काढायला विमान लागत नाही, वैमानिक तर मुळीच लागत नाही. बाजारात तुरी असतानाच भटाने भटणीला मारावं, तशी बाजारात विमानं असतानाच तिकीटविक्री सुरू होते. तुम्ही गांगरू नका. एक साधा भागाकार करा : नव्या मार्गांची संख्या भागिले हाताशी असलेली विमानं. उत्तर जेवढं मोठं, तेवढा तुमचा दिवस मोठा.

फेऱ्या छोट्या असतात म्हणून खूश होऊ नका. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा जगातला सर्वांत छोटा नियमित विमानमार्ग आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि वारा पाठीशी असला तर ते एका मिनिटाच्या आतही होतं. आता पुष्कळ कंपन्यांत उड्डाणाचा मोबदला ‘ब्लॉक’ तासांवर मोजतात, म्हणजे चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. मधल्या वेळात प्रवासी उतरवणं, चढवणं, इंधन, कागदपत्रं, हवामान, कुणाची तरी हरवलेली बॅग, हे सगळं तुम्ही हौसेखातर करता असं धरलेलं असतं. मोठ्या विमानाचा वैमानिक दिवसात एकदा उडतो आणि आठ तास मिळवतो. तुम्ही सहा वेळा उडाल, सहा वेळा उतराल आणि चार मिळवाल. पण लँडिंगचा सराव बघा केवढा!

मागणी आहे का, असं कुणी विचारलं तर विमानं बनवणाऱ्या बोइंगचा आकडा तोंडावर फेका. २०२४ च्या त्यांच्या अंदाजानुसार पुढच्या २० वर्षांत जगाला ६,७४,००० वैमानिक आणि ७,१६,००० तंत्रज्ञ लागतील. विळे विकणाऱ्यानेच पिकाचा अंदाज सांगितलाय, असल्या कुजकट शंका काढायच्या नाहीत. त्या आकड्यात वैमानिकांपेक्षा तंत्रज्ञ जास्त आहेत आणि जाहिरातीत एकही नाही, हेही मनात आणायचं नाही. गॉगल लावून विमानाखाली शिरता येत नाही, एवढंच त्याचं कारण असेल.

वैमानिकांसाठी आता थोडं गणित. व्यावसायिक परवान्याला साधारण २०० तास लागतात, कॅप्टनच्या खुर्चीसाठी जो परवाना लागतो त्याला १५००. मधल्या १३०० तासांना करिअर म्हणतात. अनुभव असल्याशिवाय कंपनी घेत नाही आणि कंपनीने घेतल्याशिवाय अनुभव येत नाही. यावर काही ठिकाणी फार सुंदर तोडगा निघालाय : उजव्या सीटवर बसायचे पैसे वैमानिकच भरतो. म्हणजे तिकीट प्रवाशानेही काढायचं आणि को-पायलटनेही. फरक एवढाच, की प्रवाशाला जागा निवडता येते.

हे परवडणारं नसेल तर बाँड आहेच. ठरावीक विमान चालवायचं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, कंपनी देते आणि ‘अमुक वर्षं सोडून जाणार नाही, गेलो तर इतके भरीन’ असं तुमच्याकडून लिहून घेते. आनंदाने सही करा. बाँडमधलं एक सौंदर्य मात्र जाता जाता बघा. तुम्ही कंपनी सोडलीत तर तुम्ही पैसे द्यायचे. कंपनीने तुम्हाला सोडलं तर काय, हे कलम शोधताना माझे दोन चष्मे बदलले.

पुढचं जरा सावकाश वाचा. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. ५० माणसं गेली. विमान आणि वैमानिक छोट्या कंपनीचे, तिकीट मात्र मोठ्या कंपनीच्या नावाने विकलेलं. चौकशीत मुख्य दोष निघाला तो स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल जाण्याच्या, इशाऱ्याला कॅप्टनने दिलेल्या चुकीच्या प्रतिसादाचा. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलकडे राहत होती आणि ड्यूटीला येण्यासाठी आदली रात्र तिने दुसऱ्यांच्या विमानांतून प्रवासात काढली होती. थकव्याचा उल्लेख अहवालात आला.

त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे उजव्या सीटसाठीही १५०० तासांची अट आली. गंमत अशी, की त्या रात्री कॉकपिटमधल्या दोघांकडेही १५०० पेक्षा बरेच जास्त तास होते. विश्रांतीचे नियमही पुढे कडक झाले, ते चांगलंच झालं. पण गाजला तो १५०० चा आकडा. शेवटी झोपेपेक्षा लॉगबुक तपासणं सोपं.

आणि खरी संधी आली ती इथून. अट आली, माणसं कमी पडू लागली, त्यात महामारीत अनेकांना मुदतीआधीच निवृत्त केलेलं. मग २०२२ मध्ये त्याच अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांनी पगार असे काही वाढवले, की वर्षानुवर्षं ‘परवडत नाही’ म्हणणारे हेच का ते, असं वाटावं. तेव्हा विस्तार वगैरे झाला नव्हता. उलट वैमानिक नाहीत म्हणून लहान गावांच्या फेऱ्या बंद पडत होत्या. पगार विस्ताराने वाढत नाही हो, टंचाईने वाढतो. तेव्हा जन्म शक्यतो अशा वर्षी घ्या, की तुमचे १५०० तास भरणं आणि बाजारात टंचाई येणं एकाच महिन्यात जुळेल. २०२० च्या सुरुवातीला भरले असतील, तर तुमचं ग्रहमान.

कंपनीच्या ग्रहमानाचं काय, असं विचारताय? ब्रिटनची फ्लायबी ५ मार्च २०२० ला बुडाली. त्याच नावाने २०२२ मध्ये पुन्हा उडाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बुडाली. एकाच कंपनीतून दोनदा बेकार व्हायची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे? आणि नव्या कंपनीत गेलात की ज्येष्ठतेच्या यादीत पुन्हा शेवटून पहिला नंबर. तुमचे केस पिकलेले असोत, तुमच्या आधी सही केलेलं कालचं पोर तुम्हाला सीनियर. सुट्टी, बेस म्हणजे ड्यूटी सुरू होते ते शहर, बढती, सगळं त्या नंबरवर. केसांचा रंग कुणी विचारत नाही.

आता माझ्या जातभाईंकडे, म्हणजे इंजिनिअर मंडळींकडे वळतो. तुमच्या नशिबी बहुधा एटीआर हे दोन पंख्यांचं छोटं विमान येईल. या विमानात सहायक पॉवर युनिट, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन, नसतं. म्हणून जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवायचं आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावून तो धरून ठेवायचा. वीज मिळते, हवा मिळते, पंखा मात्र जागचा हलत नाही. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. तुमच्या बढतीची रचनाही याच तत्त्वावर केलेली आहे.

तुमची खरी किंमत असते सहीला. विमान बहुधा भाड्याचं, इंजिन भाड्याचं, काउंटरही भाड्याचं. स्वतःची म्हणावी अशी तुमची सही तेवढी असते. ती टेक-लॉगवर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, उमटल्याशिवाय विमान सुटत नाही, त्यामुळे सगळ्यांचं तुमच्यावर फार प्रेम असतं. पावसात वाकून पंख्याच्या पात्याच्या कडेवरून तुम्ही नख फिरवत असता, कुठे टवका लागतोय का ते चाचपत. तेवढ्यात मागून आवाज येतो, “अजून किती वेळ?” वळून पाहायचं नाही. नख कुठे होतं ते विसरायला होतं.

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निघून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, को-पायलटने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ जरा बारीक निघाले. किती बारीक? पाऊण मिलिमीटरही नाही. ते बसवले होते पहाटे, माणसं कमी म्हणून पाळीच्या मॅनेजरने स्वतःच. आणि ती कंपनी चांगली मोठी होती. तुम्ही छोट्या कंपनीत चाललात, तिथे पहाटे पाळीचा मॅनेजर, स्टोअरकीपर आणि टॉर्च धरणारा मदतनीस ही तिन्ही पदं तुम्हालाच मिळतील. एवढी झटपट बढती मोठ्या कंपनीत मिळत नाही. रात्रभर चाकांच्या खोबणीत उकिडवे बसल्यावर संधी आणि संधिवात हे शब्द इतके शेजारी का राहतात, तेही कळेल.

अशाच एका पहाटे माझी सही झाली होती. पहिल्या फेरीचा को-पायलट, नवाकोरा, विमानाभोवती चक्कर मारत होता. टायर पाहिले, पंखा पाहिला, मग फोन पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

“सर, मेल आलाय. पुढच्या महिन्यापासून आपण आणखी तीन शहरांत!”

“वा.”

तो जरा घुटमळला. “तिकडे विमान कुठलं जाणार?”

मी टॉर्च उचलला आणि समोरच्या त्याच विमानावर मारला.