खराब कॉपी फेकू नका

१३ डिसेंबर २००८ ला बीबीसी टूवर 'डॅड्स आर्मी' या जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग लागला, 'रूम अ‍ॅट द बॉटम'. भाग ऑक्टोबर १९६९ चा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला जमवलेली म्हाताऱ्याकोताऱ्यांची पलटण आणि तिचा ताठ कॅप्टन मेनवेअरिंग. या भागात कळतं की साहेबांना कॅप्टनपद रीतसर कधी मिळालेलंच नाही. हा भाग मुळात रंगीत टेपवर रेकॉर्ड झाला होता, पण ती टेप पुसली गेली. मागे राहिली परदेशात विकण्यासाठी काढलेली १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म. २००८ मध्ये तो भाग पुन्हा रंगीत दिसला आणि तो कुणी बसून रंगवलेला नव्हता. रंग त्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्येच होता.

या गोष्टीने मला झपाटलं आहे. आज सविस्तर लिहितोय, कारण तिचा संबंध तुमच्या-माझ्या माळ्यावरच्या खोक्यांशी आहे असं मला ठामपणे वाटतं.

आधी टेपा पुसल्या का ते. बीबीसीला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्या काळात जाऊन बघा. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप भयंकर महाग होती आणि ती पुन्हा वापरता येते हाच तिचा मोठा गुण मानला जायचा. घरी व्हीसीआर नव्हते, त्यामुळे जुना कार्यक्रम विकत घेणारं कुणी नव्हतं. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. शिवाय प्रेक्षक कृष्णधवलकडून रंगीतकडे चालला होता, मग काळं-पांढरं जपायचं कशाला, असाही विचार होता. टेप सांभाळणारा विभाग वेगळा, फिल्म सांभाळणारा वेगळा, परदेशी विक्री बघणारा तिसराच. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे कॉपी असेलच. १९७८ च्या सुमाराला धोरण बदललं आणि सगळं जपायचं ठरलं, तोवर शेकडो तासांचं काम गेलं होतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. म्हणून तर मला हे जास्त लागतं, कारण अशी माणसं प्रत्येक कार्यालयात असतात आणि प्रत्येक घरातही.

आता परदेशाचा भाग. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका १९७० पासून रंगीत झाली. जॉन पर्टवी हा नट तेव्हा डॉक्टरची, म्हणजे नायकाची, भूमिका करत होता. जगातल्या बऱ्याच देशांत त्या काळी रंगीत टीव्ही पोचलाच नव्हता (ऑस्ट्रेलियातसुद्धा तो १९७५ मध्ये आला), म्हणून अशा देशांना कृष्णधवल फिल्म पाठवली जायची. अमेरिका आणि कॅनडा रंगीत घेत होते, पण त्यांची टीव्हीची पद्धत वेगळी. ब्रिटनमध्ये ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एक सोडून एक रेषांचं अर्धं चित्र), तिकडे ५२५ रेषा आणि सेकंदाला ६०. त्यामुळे ब्रिटिश टेप त्यांच्या पद्धतीत बदलून द्यावी लागे आणि त्या बदलात चित्र पुसट व्हायचं. कुणी हात हलवला की मागे भुताटकीसारखी सावली सरकायची.

लंडनमधल्या मूळ टेपा गेल्या. या दुय्यम, बदललेल्या, सावल्या पडलेल्या टेपा अटलांटिकच्या पलीकडे राहिल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या काही परत आल्या आणि पर्टवीच्या अनेक कथा रंगात वाचल्या त्या त्यांच्यामुळे. पुढे बीबीसीच्याच संशोधन विभागाने झालेला बदल उलटा फिरवण्याची पद्धत शोधली. ६० फील्डांच्या चित्रातून मूळची ५० फील्डं मोकळी करायची. २००५ मध्ये 'द क्लॉज ऑफ अ‍ॅक्सॉस' या कथेच्या डीव्हीडीसाठी ती वापरली गेली. त्या वाईट कॉपीतली धूसर सावली म्हणजे दोन खऱ्या चित्रांची बेरीजच होती. बेरीज कशी केली हे कळलं की वजाबाकी करता येते.

काही कथांच्या तेवढ्याही टेपा नव्हत्या. 'द डीमन्स' ही १९७१ ची पाच भागांची कथा घ्या. एका भागाची मूळ रंगीत टेप वाचली होती, बाकी चार भाग फक्त काळ्या-पांढऱ्या फिल्मवर. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन प्रेक्षकाने ती कथा घरच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर रेकॉर्ड करून ठेवली होती. घरगुती मशीन, तीही हवेतून पकडलेलं चित्र. प्रसारणाच्या दर्जाला ते कुठेच पोचत नव्हतं. फिल्म मात्र रेखीव होती. १९९२ मध्ये काही तरुण तंत्रज्ञांनी दोघांचं लग्न लावलं. चित्राची रेघ फिल्ममधून घेतली, रंग बीटामॅक्समधून. माणसाचा डोळा रेषेच्या बाबतीत काटेकोर असतो, रंगाच्या बाबतीत बराच उदार. रंग थोडा पसरला तरी चालतो. अडचण एवढीच की फिल्म आणि टेप यांचे आकार जुळत नव्हते. फिल्म फुगीर काचेच्या पडद्यावरून काढलेली, त्यामुळे कडा वाकलेल्या. रंगाला ताणून, दाबून, रेघेवर नेमकं बसवावं लागलं. कथा बीबीसी टूवर लागली आणि त्या मंडळींचा गट पुढे कितीतरी वर्षं हेच काम करत राहिला.

त्या अमेरिकन माणसाने कॅसेट दाबली तेव्हा तो काही जतनाचं कार्य वगैरे करत नव्हता. त्याला मालिका आवडत होती, बस्स.

आता परत येतो त्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममधल्या रंगाकडे. हा भाग मला अजूनही थरारक वाटतो.

कृष्णधवल फिल्म कशी बनायची? टीव्हीच्या मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि चालू चित्राचं चित्रीकरण करायचं. मॉनिटर कृष्णधवलच. पण त्याला मिळणारा सिग्नल रंगीत कार्यक्रमाचा असायचा आणि ब्रिटनच्या 'पाल' (PAL) या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर बसून मुख्य चित्रासोबतच प्रवास करते. कृष्णधवल मॉनिटरला तो रंग कळत नाही. त्याला ती लहर फक्त बारीक ठिपक्यांची जाळी म्हणून दिसते. चित्र स्वच्छ यावं म्हणून ती लहर गाळणारा फिल्टर लावणं अपेक्षित होतं. कधी लावला गेला, कधी नाही. जिथे नाही लावला, तिथे ते ठिपके फिल्मवर उतरले.

अशा फिल्मची एक फ्रेम मोठी करून बघा. गडद रंगाचा कोट असेल तिथे विणीसारखी घट्ट जाळी दिसते. मागची पांढरट भिंत जवळजवळ स्वच्छ, कारण तिला रंगच नाही. चेहऱ्यावर अगदी फिकट ठिपके. जवळजवळ चाळीस वर्षं हा दोष मानला गेला. जुन्या भागांच्या प्रसारणात, व्हिडिओ कॅसेटवर, लोकांनी तो सहन केला. आणि तो दोष म्हणजेच त्या दिवशी स्टुडिओत असलेल्या कोटाचा रंग होता.

बीबीसीत काम करणाऱ्या जेम्स इन्सेल यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, जाणकारांचा गट जमवला आणि रिचर्ड रसेल या माजी बीबीसी अभियंत्याने ती जाळी वाचणारं सॉफ्टवेअर लिहिलं. आधी फिल्म अतिशय बारकाईने स्कॅन करायची. मग प्रत्येक फ्रेमचा वाकडेपणा काढून ठिपके मूळच्या रेषांवर आणायचे. मग ठिपके किती गडद आणि किती सरकलेले, त्यावरून रंग. इथे एक मोठी मेख आहे. कुठला ठिपका म्हणजे कुठला रंग हे ठरवायला टीव्ही सिग्नलमध्ये प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला एक संदर्भाचा इशारा असतो आणि तो दिसणाऱ्या चित्राच्या बाहेर असतो. म्हणजे फिल्मवर तो येतच नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरसमोर चार शक्यता उरतात आणि अंदाज चुकला तर माणसाचा चेहरा हिरवा होतो. तिथे माणसाने बसून दुरुस्ती करायची.

'डॅड्स आर्मी'चा तो भाग या पद्धतीचं पहिलं जाहीर यश. त्यानंतर 'डॉक्टर हू'च्या कथा आल्या. 'द माइंड ऑफ इव्हिल' ही १९७१ ची सहा भागांची कथा २०१३ मध्ये डीव्हीडीवर पूर्ण रंगीत आली. पाच भागांत ठिपके होते. पहिल्या भागात नव्हतेच, फिल्टर लावला होता! म्हणजे ज्याने नियमाप्रमाणे चोख काम केलं त्याच्या भागातला रंग कायमचा गेला, आणि तो भाग एका कलाकाराला हाताने रंगवावा लागला.

इथेच माझं मत सुरू होतं. सध्या जुने फोटो आणि जुन्या फिती एआयने रंगवून टाकण्याची लाट आहे. टिळकांचा फोटो, गिरण्यांच्या वेळची मुंबई, काहीही. पगडी लाल, उपरणं पांढरं, आकाश निळं, आणि खाली 'त्या काळची मुंबई जशीच्या तशी' असं लिहिलेलं. जशीच्या तशी नाही हो ती! मशीनने लाखो इतर फोटो पाहून केलेला तो अंदाज आहे. बाईचं लुगडं खरंच हिरवं होतं का, हे त्या फोटोला माहीत नाही आणि मशीनलाही नाही. सापडलेला रंग आणि भरलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पुरावा आहे, दुसरी सजावट. सजावटीला माझी ना नाही, पण तसं स्पष्ट लिहा.

ब्रिटिश मंडळींनी हे पथ्य बऱ्यापैकी पाळलं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 'इन्व्हेजन ऑफ द डायनॉसॉर्स' ही १९७४ ची कथा. पहिला भाग फक्त काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, आणि ठिपके अर्धवट. निळ्या बाजूची माहिती हातीच लागली नाही. २०१२ च्या डीव्हीडीवर त्यांनी तो भाग मुख्यतः कृष्णधवलच ठेवला आणि जेवढा रंग निघाला तेवढा लावलेली आवृत्ती वेगळा पर्याय म्हणून दिली. उरलेला निळा रंग मनाने भरून 'घ्या, पूर्ण रंगीत' असं म्हणता आलं असतं. खप वाढला असता. त्यांनी तसं केलं नाही.

आता आपल्याकडचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. रंग यायला १९८२ उजाडलं. त्या पहिल्या दशकातल्या मराठी कार्यक्रमांबद्दल आपण हळवे होऊन बोलतो, पण दाखवा म्हटलं तर काय दाखवणार? टेपा इथेही महाग होत्या आणि इथेही पुन्हा वापरल्या गेल्या. फरक असा की ब्रिटिशांच्या मालिका देशोदेशी विकल्या गेल्या होत्या. 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये जाहीर झाले ते नायजेरियात सापडून. आपल्या मराठी कार्यक्रमांना कुठलं नायजेरिया? ते मुंबईबाहेर पोचलेच तर पुण्यापर्यंत. दुसऱ्या देशाच्या गोदामात आपली कॉपी पडलेली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

म्हणून आपलं परदेश म्हणजे आपल्याच घरातले माळे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले. कुणी आखातातून आणला, कुणी हप्त्याने घेतला. लोकांनी मॅचेस रेकॉर्ड केल्या, छायागीत केलं, घरातल्या कुणाचा मुलाखतीत दोन मिनिटं चेहरा दिसला म्हणून अख्खा कार्यक्रम केला. मी अशा काही कॅसेटी पाहिल्या आहेत. लेबलवर बॉलपेनने 'वर्ल्ड कप', आणि मॅच संपल्यावर मशीन बंद करायचं राहून गेलेलं. पुढे मराठी बातम्या, एका साबणाची जाहिरात, निवेदिकेचं 'नमस्कार', आणि एका नाटकातला प्रवेश, मध्येच तुटलेला. खाली ट्रॅकिंगचा पट्टा नाचतोय, आवाज चिरका. कॅसेटच्या मालकीणबाई म्हणाल्या, "यात काही नाही रे, टाकणारच होते."

टाकू नका, काकू.

लहान गावात, मोठ्या शहरात, लंडनमध्ये, न्यू जर्सीत, मस्कतमध्ये, जिथे कुठे तुम्ही आहात तिथे एवढं करा. लेबलवर विश्वास ठेवू नका, शेवटपर्यंत बघा. जाहिराती आणि बातम्या कापू नका, तारीख बहुतेक वेळा त्यांवरूनच लागते. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, टेप तुटेल आणि बुरशी मशीनमधून पुढच्या कॅसेटला लागेल. आधी साफ करणारा माणूस शोधा. डिजिटल करून घेताना 'जरा क्लीन करून द्या' असं सांगू नका. जशी आहे तशी, दोषांसकट, जमेल तितक्या मोठ्या दर्जात उतरवून घ्या. साफसफाई नंतर कधीही होते. साफ करताना काय पुसलं गेलं हे कळायला कदाचित अजून तीस वर्षं लागतील. आणि डिजिटल झाली म्हणून मूळ कॅसेट भंगारात देऊ नका.

ज्यांच्याकडे १९९० च्या आधीचं मराठी काहीही रेकॉर्ड केलेलं आहे, अर्धवट असो, फाटकं असो, त्यांनी कमेंटमध्ये नुसतं 'आहे' लिहा. मी मेसेज करतो.