निवडणूक पद्धती शिकवायच्या तर आधी जागा वाटायला लावा

राज्यशास्त्राच्या वर्गात निवडणूक पद्धती हा विषय बहुतेक वेळा गुण-दोषांच्या दोन रकान्यांत उरकला जातो. विद्यार्थी ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, विसरतात. हातात आकडे न देता हा विषय शिकवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

चार-चार जणांचे गट करा. जागा 8, मतं 1 लाख: अ पक्षाला 41 हजार, ब 28, क 20, ड 11. आधी डीहॉन्ट पद्धत. प्रत्येकाची मतं 1, 2, 3, 4 ने भागायची आणि सगळ्यांत मोठे 8 भागाकार निवडायचे. वाटणी येते 4, 2, 1, 1. मग तीच मतं सेंट लाग्यू पद्धतीने 1, 3, 5, 7 ने भागायला लावा. आता 3, 2, 2, 1. एकाही मतदाराने मत बदललेलं नाही, पण अ आणि ड मिळून 5 जागांचं सरकार होत होतं, ते आता होत नाही. वर्गात खरी चर्चा इथून पेटते.

डीहॉन्टमध्ये एक चूक हमखास होते. मूळ मतांऐवजी आधीच्या भागाकारालाच पुन्हा भागतात. 41 भागिले 3 म्हणजे 13.67 यायला हवं, तिथे 20.5 ला 3 ने भागून 6.83 लिहितात. या चुकीने उत्तरही 3, 2, 2, 1 येतं आणि दोन्ही पद्धती सारख्याच, असा गटाचा समज होतो. म्हणून नुसतं उत्तर तपासू नका, भागाकारांचा तक्ता बघा. कॅल्क्युलेटर खुशाल वापरू द्या.

यानंतरच खरे निकाल काढा. तुर्कस्तान, 2002: प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, पण किमान 10 टक्के मतांची अट. दोनच पक्षांनी ती ओलांडली आणि सुमारे 34 टक्के मतांवर एका पक्षाला 550 पैकी 363 जागा मिळाल्या. ब्रिटन, 2024: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं त्याचीच जागा, आणि लेबर पक्षाला जवळपास तेवढ्याच टक्क्यांवर 650 पैकी 411. पद्धतीच्या नावावरून निकाल ओळखणारे विद्यार्थी इथे अडखळतात. अडखळू द्या. किमान मतांची अट, मतदारसंघातल्या जागा, भाजक यांतलं नेमकं काय कारणीभूत ठरलं, हे त्यांनाच शोधू द्या.

परीक्षेतही ‘गुण-दोष सांगा’ नको. असाच तक्ता द्या. 10 पैकी 4 गुण आकडेमोडीला, 6 गुण सरकलेल्या जागेमुळे सरकार कसं बदलतं हे मांडायला.