नदी वाचवताय ना? मग मासे मध्ये आणू नका

तापीकाठच्या किंवा गिरणाकाठच्या तुमच्या गावाने यंदा नदी वाचवायचं ठरवलं असेल, तर आधी अभिनंदन. आता एक पथ्य पाळा. सभेत माशांचा विषय काढू नका. नदी म्हटलं की पाणीपुरवठा, केळीला पाणी, वाळूचा लिलाव आणि आरती, एवढ्यावर चर्चा झकास रंगते. माशाचं नाव निघालं की मागे बसलेला भोईवाड्यातला एखादा आप्पा विचारतो, ‘आते नदीमा काय शे भो?’ आणि अध्यक्षांना घाम फुटतो.

मुहूर्त म्हणाल तर तापी जयंतीचा घ्या, आषाढ शुद्ध सप्तमी. सूर्यकन्येला साडी नेसवा, ओटी भरा, निर्माल्य कॅरीबॅगसकट सोडा म्हणजे भिजणार नाही. याच दिवसांत पोटात अंडी घेऊन मासे नव्या पाण्याला उलटे वर चढत असतात. त्यांच्या वाटेवर कोणी मच्छरदाणीएवढ्या बारीक भोकांचं जाळं आडवं लावलं असेल तर हटकू नका. गाभोळी काय बारा महिने मिळते?

कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण म्हणजे मत्स्यबीज सोडणे. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या पिशव्या येतात, आत बोटाएवढ्या पिलांची बोटुकली वळवळत असते. जाणकार सांगतात, पिशवी आधी तशीच बांधलेली थोडा वेळ पाण्यावर ठेवावी, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार-गरम झालं की मगच तोंड सोडावं. ऐकू नका. पाहुण्यांना पुढे दोन उद्घाटनं आणि एक दशक्रिया असते. पिशवी छातीच्या उंचीवर धरायला लावा, फोटोत चेहरा आणि बोटुकली दोन्ही आले की उपडी करा. बीज मागवायचं ते कटला, रोहू, मृगळचं. उत्तरेकडच्या नद्यांतले पाहुणे आहेत, नखरे कमी, वाढ जोरात. महाशीर, शिंगाळा, मरळ, वाम या घरच्यांच्या नादी लागू नका. त्यांना आणलं तर राहायला जागा द्यावी लागेल.

आणि जागेचे त्यांचे लाड बघा. महाशीरला अंडी घालायला गोटे-खडे हवेत, वर खेळतं पाणी हवं. शिंगाळ्याचा नर तळाशी खळगा करून पिलांची राखण करतो. वाम दिवसभर वाळूत अंग पुरून बसते. मे महिन्यात धार तुटली की सगळ्यांना मिळून खोल डोह लागतो. एवढं सगळं एका झटक्यात मिटवायचं तर वाळू उपसायला पोकलेन आणि चार डंपर पुरे. काम रात्री करावं, दिवसा धुळीचा लोकांना त्रास होतो. पथक तहसीलमधून निघायच्या आत नदीपात्रात फोन येतो, इतका समन्वय दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत मला तरी दिसलेला नाही. पंचनाम्यात ‘अज्ञात इसम’ असतोच. बिचारा गिरणेच्या सगळ्या गावांत एकाच रात्री काम करतो. पुढे काठावरच्या विहिरी खोल गेल्या की टँकर लावा, टँकरवालाही आपलाच माणूस असतो.

आता बंधारे. पांझरा नदीवर फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायचे, जुने दगडी बंधारे आहेत, बुटके, पूर आला की पाण्याखाली जाणारे. असलं जुनाट काम आदर्श म्हणून दाखवू नका. मागणी उंच बंधाऱ्याची करा आणि नकाशात कोणी माशांना चढायला पायऱ्या सुचवल्या तर त्याला खर्चाचा आकडा विचारा. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की दर पावसाळ्यात बातमी होते. त्यातला माशांचा कोणता, असा आगाऊ प्रश्न पोरांना विचारू देऊ नका. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची, म्हणजे हवा भरून फुगवायच्या रबरी बंधाऱ्यांची, काळजीच सोडा, ते निवडणुकीच्या हंगामात फुगतात.

नाल्यांचं म्हणाल तर शहराचं सांडपाणी आहे तसं येऊ द्या. उन्हाळ्यात तेवढंच पाणी नदीत दिसतं. कपाशीवर फवारणी झाली की पंपही तिथेच धुवा.

एवढं करून नदीत काहीच उरणार नाही असं मात्र नाही. चिलापी, म्हणजे तिलापिया, उरेल. 1952 साली बाहेरून देशात आणलेला हा मासा खरा व्यवहारी. मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे तुमच्या गोट्या-खड्यांवाचून तिचं काही अडत नाही. पाणी घाण झालं तरी तक्रार नाही. जोडीला आफ्रिकन मांगूर आहे. 2000 सालापासून त्याच्यावर बंदी आहे, पण तो हवेतूनही श्वास घेतो, त्याला बंदीने काय होणार? अहवालात ‘नदीत मुबलक मासे’ लिहा. कोणते, ते रकान्यात विचारलेलं नसतं.

राहता राहिलं पाहुण्यांचं जेवण. नदीच्या भरवशावर राहू नका. आंध्रातून बर्फातली थर्माकोलची खोकी येतात, बाजारात आदल्या दिवशी सांगून ठेवा. मुख्य पाहुण्यांना काटे चालत नसतील तर पापलेट मागवा. 2023 पासून तो आपला राज्यमासा आहे, आणि खारा असल्याने तापीत तो कुठे गेला असं कोणी विचारणार नाही.